चोरानं बसवलेला सायलेन्सर

१

शनिवारी संध्याकाळी भाचीचा फोन आला तेव्हा मी कुंड्यांना पाणी घालत होतो.

"मामा, माझ्या गाडीचा सायलेन्सर चोरीला गेला."

"नवा?"

"नवाच. बुधवारी बसवलेला."

"म्हणजे गाडी आता सायलेन्सरशिवाय उभी आहे?"

"नाही ना. तेच तर कळत नाहीये. चोरानं जुना सायलेन्सर परत बसवून दिलाय."

एकतीस वर्षं मी विमा कंपनीसाठी मोडलेल्या गाड्या तपासल्या. कुठला पत्रा अपघातात चेपलाय आणि कुठला हातोड्यानं, हे मला हात फिरवून कळायचं. लोक अजून मला सर्व्हेयरच म्हणतात. पण निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि चार वर्षांत कुणी मला काही विचारलं नव्हतं. त्यामुळे भाचीचं ऐकून वाईट वाटण्याआधी मला आनंद झाला. पाण्याचा डबा तिथेच ठेवून मी चपला घातल्या.

ताई आणि भाची राहतात त्या इमारतीच्या मागे पत्र्याची एक शेड आहे. तिला कडी आहे, कुलूप नाही. गाडीची जादा चावी आतच एका खिळ्याला लटकलेली असते आणि हे सगळ्या इमारतीला ठाऊक. भाची रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. ही एका सिलिंडरची जुनी, जड मोटारसायकल तिनं हौसेनं घेतली होती, आणि रविवारी पहाटे ती तिच्यावरून समुद्राकाठच्या मैत्रिणीकडे निघणार होती. साडेचारशे किलोमीटर, मधे डोंगरातला रस्ता.

त्या प्रवासासाठीच नवा सायलेन्सर. तो निवडायला तिनं तीन महिने घेतले. लोक जावई शोधताना इतकं बघत नाहीत. आवाज भारदस्त हवा पण कर्कश नको, सामानाची पिशवी जळायला नको, वळणावर नळी रस्त्याला घासायला नको, वजन कमी हवं आणि आतली जाळी काढून धुता यायला हवी. शेवटी मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये तीन नमुने एकामागून एक लावून पाहिले, त्या दिवशी मीही तिथे होतो. पहिला आखूड होता, भुंकल्यासारखा वाजायचा. तिसरा दिसायला देखणा, पण स्टँडला अडत होता. दुसऱ्याच्या वेळी मिस्त्रीनं टाकीवर तळवा टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हा घे पोरी. हा तुला दहा वर्षं कंटाळा आणणार नाही."

मिस्त्रीचा शब्द म्हणजे आमच्याकडे शेवटचा शब्द. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच तो नुसत्या आवाजावरून दुखणं सांगायचा. आमची मैत्री तीस वर्षांची.

शेडमध्ये मी गुडघ्यांवर बसलो. जुना सायलेन्सर फळीवर खोक्यात ठेवलेला होता म्हणे; खोकं रिकामं होतं. बसवण्याचं काम मात्र पाहण्यासारखं. एकाही बोल्टचं डोकं झिजलेलं नाही, आट्यांना ग्रीस, इंजिनाकडच्या जोडात गळती रोखणारं नवं गास्केट. चोर सहसा मोडतात, तोडतात आणि पळतात. हा मात्र निगुतीनं काम करून गेला होता.

सवयीनं मी प्लग काढून पाहिला आणि थबकलो.

"हा प्लग तू कधी बदललास?"

"मी नाही बदलला."

प्लग कोरा करकरीत होता. चोर जाताना नवा प्लगसुद्धा घालून गेला होता.

२

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी विचारायच्या आतच ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस. एकटीनं एवढ्या लांब जाऊ नको, असं मी रोज म्हणत होते. गाडीची एक नळी निखळली तर बरं होईल, असंही म्हणाले होते. पण मी आज दिवसभर डोळ्यांच्या दवाखान्यात होते, आणि पाना धरायचा कुठून हे मला माहीत नाही."

"कुणाला सांगून करवून घेतलं नाहीस ना?"

"अरे, मला तिला थांबवायचंच असतं तर मी चावी पिठाच्या डब्यात टाकली असती. एवढा खटाटोप कशाला?"

ताईचं बरोबर होतं. शिवाय जुना सायलेन्सर लावल्यानं प्रवास थांबत नव्हता. गाडी पहाटे निघू शकली असती. म्हणजे चोराला प्रवास नको नव्हता. नवा सायलेन्सर नको होता.

नवा सायलेन्सर नको असलेला माणूस पहिल्या मजल्यावर राहत होता, शेडच्या बरोबर वर. एका छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेले हे गृहस्थ. पोरं त्यांना कानामात्रा म्हणायची. गुरुवारी सकाळीच त्यांनी भाचीच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली होती: 'आपल्या वाहनाच्या ध्वनीमुळे माझ्या वाचनात व्यत्यय येतो.' खाली तारीख, वेळ आणि सही.

"चिठ्ठी मी लिहिली," ते म्हणाले. "मी चिठ्ठ्या लिहितो. नळ्या काढत नाही." त्यांनी हात पुढे केले. बोटं संधिवातानं वाकडी झालेली. चहाचा कप त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

"आज दिवसभर घरीच होता?"

"मी घरीच असतो. दुपारी बारानंतर खाली ठोकाठोक चालू होती. मला वाटलं, तुमची भाची. मग साधारण एक वाजता गाडी सुरू झाली. दोन-तीन मिनिटं चालली. आवाज कमी होता, मला बरं वाटलं. पण मधे मधे टिकटिक येत होती."

"कसली टिकटिक?"

"घड्याळासारखी. बारीक. ऐकू आली की दुसरं काही सुचत नाही अशी. मी खिडकी लावून घेतली. मग गाडी बंद झाली."

मी खाली आलो आणि भाचीला गाडी सुरू करायला सांगितली. कानामात्रांनी एकही अक्षर चुकीचं सांगितलं नव्हतं. टिक टिक टिक. इंजिनाकडच्या जोडातून बारीक गळती होत होती. गास्केट केसभर तिरकं बसलं होतं.

इतक्या निगुतीचं काम, आणि शेवटी असा दोष? जो माणूस दोन मिनिटं गाडी चालू ठेवून समोर उभा राहिला, त्यानं हा आवाज ऐकला कसा नाही?

"उद्या जाऊ नकोस," मी भाचीला म्हटलं. "मला दोन दिवस दे."

३

रविवारी सकाळी मी फ्लॅशला गाठलं. फ्लॅश म्हणजे भाचीचा मित्र, फोटोग्राफर. त्याच्याकडेही तशीच मोटारसायकल आहे, आणि त्यालाही तोच दुसऱ्या नंबरचा सायलेन्सर हवा होता. दुकानात एकच नग होता. तो भाचीनं घेतला म्हणून दोघांची आठवडाभर कुरबुर चालली होती.

"हवा होता. आता फुकट दिला तरी नको," तो म्हणाला.

"का रे? द्राक्षं आंबट?"

"तसं नाही मामा. शुक्रवारी सकाळी मी तिच्या मागे बसून गेलो. टेकडीचा चढ लागला की इंजिनातून आवाज येतो. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा. मी तिला म्हटलं, तर ती म्हणाली, मिस्त्रीकाकांनी बघितलंय, नवीन आहे, बसेल."

शनिवारी तो एका कारखान्यात यंत्रांचे फोटो काढत होता, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. तारीख-वेळेसकट फोटो त्यानं मला दाखवले.

डब्यातले खिळे. असा आवाज मी नोकरीत कितीदा तरी ऐकला होता, आणि त्यानंतर काय होतं तेही पाहिलं होतं. मोकळा सायलेन्सर लावला की इंजिनाला जास्त हवा मिळते. त्या मानानं पेट्रोल वाढवलं नाही तर इंजिन आतून तापत जातं. कार्बुरेटरमधलं पेट्रोल सोडणारं जेट बदलून मोठं घालावं लागतं. नाही बदललं तर लांबच्या चढावर पिस्टन आत घट्ट चिकटतो आणि मागचं चाक जागच्या जागी अडकतं. डोंगरातल्या रस्त्यावर, एका बाजूला दरी असताना, अडकतं.

म्हणजे चोरानं भाचीचा जीव वाचवला होता. मग तो लपला का?

तिथून मी मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये गेलो. खरं सांगायचं तर चौकशीला नाही, सल्ल्याला. संशयितांच्या यादीतून त्याला मी आदल्या संध्याकाळीच वगळलं होतं. हात त्याचेच शोभले असते, पण ती टिकटिक त्याच्या कानातून सुटली नसती.

तो एका स्कूटरवर वाकला होता. इंजिनाला लांब पेचकस टेकवून त्याची मूठ त्यानं दातांत धरली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यानं मान वर केली.

"रेडिओ बंद का रे?" मी विचारलं. त्याच्या गॅरेजमध्ये रेडिओ कायम चालू असायचा.

"बिघडलाय."

मी त्याला सगळं सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे एकटक बघत ऐकत होता. प्लगचं सांगितलं तेव्हा त्यानं नजर खाली घातली आणि फडक्यानं हात पुसायला लागला.

"शेडमधली चावी कुणाकुणाला ठाऊक होती रे?" मी विचारलं.

"चहा? सांगतो की," तो म्हणाला आणि उठून कोपऱ्यावरच्या टपरीकडे गेला.

त्याच्या पाठीकडे बघत मी बसून राहिलो. मला वाटलं, तो प्रश्न टाळतोय. घरी पोहोचेपर्यंत मला तसंच वाटत होतं. चपला काढता काढता डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि मी एक चप्पल पायात तशीच ठेवून खुर्चीत बसलो.

४

त्या वेळी मी काय करायला हवं होतं, ते आता मला नीट माहीत आहे. एकट्यानं जायला हवं होतं. दुपारच्या वेळी, गॅरेजमध्ये कुणी नसताना. समोर बसून सावकाश बोलायला हवं होतं.

मी सोमवारी सकाळी दहा वाजता गेलो, भाचीला आणि फ्लॅशला बरोबर घेऊन. आत चार गिऱ्हाइकं उभी होती, बाहेर टपरीवर आणखी तिघं. मला श्रोते हवे होते. चार वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी सापडलं होतं.

"चोर कोण ते मला कळलंय," मी मोठ्यानं म्हणालो. लोक वळले. मिस्त्री लोक वळल्यावर वळला.

मी एकेक मुद्दा मांडला. अहवाल वाचून दाखवायचो, तसा.

"चोराला सायलेन्सर विकायचा नव्हता, नाहीतर जुना बसवायला त्यानं तास घालवला नसता. त्याला नवा सायलेन्सर रविवारच्या आत गाडीवरून उतरवायचा होता. का? कारण त्यानं आधी प्लग पाहिला होता. तापलेल्या इंजिनाचा प्लग पांढराफटक पडतो. तो त्यानं नेला आणि नवा घातला. म्हणजे प्लग वाचता येणारा माणूस. भाची, शुक्रवारी तू गाडी कुणाला दाखवलीस?"

"मिस्त्रीकाकांना," ती हळूच म्हणाली. "नवीन काम आहे म्हणून बोल्ट तपासायला बोलावलं होतं त्यांनीच. प्लगही काढून बघितला. पण मामा..."

"थांब. आता हात. असे हात या भागात एकाच माणसाचे आहेत. पण त्या माणसाला मी वगळलं होतं, कारण जोडातली टिकटिक पहिल्या मजल्यावर ऐकू जात होती, आणि त्याला ती ऐकू आली नाही, हे शक्य नव्हतं. मग मी उलटा विचार केला. समजा, खरंच ऐकू आली नाही. मग सगळं जुळतं. चढावरचे खिळे बुधवारी गाडी फिरवून बघताना त्याला ऐकू आले नाहीत. सायलेन्सर निवडताना तो टाकीवर हात ठेवून होता. हादरे कळावेत म्हणून पेचकसाची मूठ दातांत धरत होता. रेडिओ बंद पडलेला नाही, त्याला तो लावून उपयोग नाही. मी चावी म्हणालो, त्यानं चहा ऐकलं."

मिस्त्री माझ्या ओठांकडे बघत होता. अजूनही मी थांबू शकलो असतो. तेवढ्यात एक गिऱ्हाईक म्हणालं, "काहीतरीच काय, मिस्त्रीला ऐकू येत नाही म्हणे!" मिस्त्री त्याच्याकडे वळला, आणि मी त्याच्या पाठीमागे दोन पावलांवर खिशातला किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला.

सगळे दचकले. टपरीवरच्या माणसानंसुद्धा मान वळवली.

मिस्त्री वळला नाही. तो त्या गिऱ्हाइकाकडेच बघत राहिला. मग त्याला सगळ्यांच्या नजरा दिसल्या आणि त्यानं सावकाश मागे वळून फरशीवरच्या किल्ल्या पाहिल्या. वाकून त्यानंच त्या उचलल्या आणि माझ्या हातात दिल्या.

५

मग त्यानं बाकाखालून एक लांब गाठोडं काढलं. मऊ फडक्यात गुंडाळलेला नवा सायलेन्सर. एक ओरखडा नव्हता त्याच्यावर.

"दीड वर्ष झालं," तो म्हणाला. "आधी बारीक आवाज गेले. पक्षी, किल्ल्या, नट पडला तर तो. मोठे आवाज येतात. गाडीचं पोट ऐकू येतं, दात ऐकू येत नाहीत." तो भाचीशी बोलत होता, माझ्याशी नाही. "शुक्रवारी प्लग बघितला. खडूसारखा पांढरा. तुझ्यासमोर काही बोललो नाही, म्हटलं रात्रभर विचार करू. शनिवारी सांगायलाच आलो होतो पोरी. दार वाजवलं. कुणी नव्हतं. फोनवर मला शब्द कळत नाहीत. तू पहाटे निघणार. जुना सायलेन्सर तिथेच होता, पाने माझ्या पिशवीत होते."

"मग चिठ्ठी का नाही ठेवलीत?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"लिहायला घेतली होती. पण तीन महिने तू माझ्या कानांवर भरवसा ठेवून निवडलास. काय लिहू? वाटलं, चोरी झाली असं समजशील. मोठं जेट मागवलं होतं मी, दहा दिवसांत आलं असतं. मग सायलेन्सर कुठेतरी सापडला असता आणि मी तो नीट बसवून दिला असता."

"नुसतं म्हणायचं होतंत, काका, जेट बदलू या. मी कशाला विचारलं असतं काही?"

"तू नसतं विचारलंस." आता त्यानं माझ्याकडे बघितलं. "यानं विचारलं असतं. बुधवारीच का नाही कळलं, असं यानं नक्की विचारलं असतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

चौघांतलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "मी जरा जाऊन येतो," आणि आपली गाडी ढकलत बाहेर पडलं. थोड्या वेळानं दुसरं. ते दोघंही परत आले नाहीत.

६

बातमी आठवड्यात सगळीकडे झाली. कुणी वाईट बोललं नाही, तेच जास्त वाईट. लोक हळहळायचे आणि गाडी दुसरीकडे न्यायचे. भाची मात्र त्याच्याचकडे गेली. जेट आल्यावर त्यानं ते बसवलं, ती शेजारी उभी राहून कुठला आवाज येतो ते त्याला सांगत होती. मग ती समुद्रावर जाऊन आली. गाडीनं कुठे कुरकुर केली नाही. सायलेन्सर खरंच चांगला होता. त्याची निवड चुकली नव्हती.

पण एका गिऱ्हाइकावर गॅरेज चालत नाही. पावसाळा संपायच्या आत त्यानं ते सोडलं. मुलीनं हट्टानं कानाचं यंत्र आणून दिलं. ते लावलं की जग पत्र्याचं वाटतं म्हणून तो ते खिशातच ठेवतो. आता तो एका सायकलच्या दुकानात वाकडी चाकं सरळ करतो. त्या कामाला कान लागत नाहीत, डोळे लागतात.

मी गेलो एकदा, बऱ्याच उशिरा. माझ्यासारख्या माणसाला स्वतःच्या चुकीचा अहवाल द्यायला वेळ लागतो. तो दुकानाच्या पायरीवर बसला होता, समोर चाक फिरत होतं आणि तो तारांना एकेक पीळ देत होता. मी त्याच्या शेजारी बसलो. त्यानं बघून मान हलवली आणि पुन्हा चाकात डोळे घातले.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तुला एकट्याला भेटायला हवं होतं. त्या किल्ल्या टाकायला नको होत्या मी."

चाक फिरत राहिलं. तो वाकून कडेची फट बघत होता. रस्त्यावरून एक ट्रक गेला. माझं एकही अक्षर त्याच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. पुन्हा बोलायचं तर ओरडावं लागणार होतं. दुकानात दोन-तीन माणसं होती, पलीकडे शाळा सुटली होती. मी उठायला लागलो.

त्याला माझी हालचाल जाणवली असावी. त्यानं मान वर केली.

"काही म्हणालास का?"

"नाही," मी म्हणालो. मग त्याला दिसेल असं चाकाकडे बोट केलं. "झालं का सरळ?"

"अजून केसभर आहे," तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.